घोडीचे वडील

आमचे इवाई आमच्या घरी यायचे तेव्हा स्वतःचं पाणी सोबत आणायचे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, भाताचा डबा आणि एक तुटक्या दातांचा कंगवा. फाटकातून आत आले की माणसांकडे न बघता सरळ गोठ्याकडे वळायचे. तिथून आवाज यायचा, “काय माय, जेवली का?” ही माय म्हणजे आमची घोडी. तिच्या तोंडाचा वास घ्यायचे, चारही खूर उचलून बघायचे, शेपटीतून कंगवा फिरवायचे आणि सगळं मनासारखं असलं तर सपरीत, म्हणजे ओसरीत, येऊन खाटेच्या कडेवर टेकायचे. माझी बायको पाण्याचा गडवा घेऊन पुढे व्हायची. त्यावर दोन्ही हात जोडून ठरलेलं उत्तर, “नाही जी. लेकीच्या सासरचं पानी बापाले चालत नाही.”

इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी मालती त्यांच्या घरी दिलेली, आमगावच्या पलीकडे. तेव्हा खरं पाहता मुलीचा बाप मी. लेकीच्या सासरचं पाणी न पिण्याचा मान माझा, आणि तो मी कडकपणे राखून होतो. लग्नानंतरच्या वर्षात हेच इवाई आमच्या सपरीत बसून पोटभर जेवून, वर ढेकर देऊन गेलेले आहेत. पण सगुणा नावाची आपली घोडी त्यांनी मला दिली आणि त्या दिवसापासून तेही मुलीचे बाप झाले. गावातले लोक मला विचारायचे, “काऊन जी, इवायासंगं बिनसलं का? पानीबी घेत नाही म्हने थे.” कोणाकोणाला समजावून सांगणार?

मी सायकलच्या कॅरिअरला दुधाचे कॅन बांधून वर आलेला माणूस आहे. गोंदियाचे हॉटेलवाले, सरकीच्या ढेपेचे व्यापारी, म्हशींचे दलाल, सगळ्यांशी भांडून नागऱ्याजवळच्या आमच्या गावात मी गोठा उभा केला. आज म्हशी आहेत, बकऱ्या आहेत, कोंबड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत. सौद्यात मला कोणी गुंडाळलं, असं बाजारात कोणी सांगू शकत नाही. गुंडाळलं ते एकट्या इवाईंनी. त्याचा राग अजून गेलेला नाही. गेला असता तर हे लिहायला बसलो नसतो.

झालं असं की लग्नसराईत गोंदियात नवरदेवाला घोडी मिळता मिळत नाही, हे माझ्या नजरेत आलं. इवाईंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडी असायची. आता त्यांचे गुडघे गेले होते, मुलाला घोडीत गोडी नव्हती, आणि सगुणा तिथे नुसती उभी राहून हरभरे खात होती. मी गेलो आणि सरळ विषयाला हात घातला.

“इवाईजी, घोडी द्या. भाव बोला.”

“लेक इकत नसते जी. देते.”

“मंग द्या.”

“पाहू ना. घर तं पाहू द्या पयले.”

आणि खरोखरच घर पाहायला आले. माझं घर त्यांनी मालतीच्या लग्नात पाहिलं होतं. या वेळी पाहिला तो गोठा. मुलीकडचे लोक स्थळ बघायला आले की जसं बघतात तसं. खाली किती ओल आहे, वारा कुठून येतो, रात्री दार कोण लावतं. म्हशींच्या रांगेत पहिली उभी होती ती पाटलीण. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण पाण्यावर, चाऱ्यावर, दारात, सगळीकडे तिचा पाय पहिला, म्हणून पाटलीण. तिच्या शिंगांकडे इवाईंनी बराच वेळ पाहिलं.

“हे मोठी जाऊ वाट्टे,” ते म्हणाले. “खाष्ट आये.” मग बकऱ्यांकडे वळून, “अना ह्या ननंदा. लई आयेत बापा.”

ज्या सौद्यात पैसाच नाही त्यात भाव पाडायचा कशाचा? माझी सगळी हत्यारं बोथट झाली. ते एकेक अट घालत गेले आणि मी मान हलवत गेलो. शेवटी फाटकात उभे राहून म्हणाले, “माह्या लेकीचं तुमच्या घरी काही बिनसलं, तं मी तिले वापस घेऊन जाईन. तवा तुमी बोलाचं नाही.” आणि हसून पुढे म्हणाले, “शेवटी काय जी, जसी तुमची माह्या घरी, तसी माही तुमच्या घरी.”

ते हसले, मी हसलो नाही. माझी मुलगी त्या माणसाच्या घरात होती. घोडीला खरचटलं तर तिकडे मालतीच्या ताटात काय पडेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

सगुणा आली त्या दिवशीच भांडण झालं. मी तिला पाटलिणीच्या शेजारच्या खुंट्याला बांधणार होतो. जनावर ते जनावर. गव्हाणीत तोंड घालायचं, त्यात शेजार कसला बघायचा? इवाईंनी दोर माझ्या हातातून काढून घेतला.

“नव्या सुनेले पयल्याच दिवसी मोठ्या जावेच्या मांडीले मांडी लावून बसवता का? थे शिंग मारंल, हे लाथ मारंल. मधात ताटवा घाला. एकमेकीचं तोंड पाहू द्या, वास घेऊ द्या. वळख झाली का मंग सोडा. अना सोडान तं मोकळ्या बांधीत सोडा, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यात सापडला का मानूसबी लाथ मारते.”

बांबूचा ताटवा घालावा लागला. बांबू माझे, मजूर माझे, खाटेवर बसून हुकूम त्यांचे. पंधरवडाभर सगुणा आणि पाटलीण ताटव्याच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघत राहिल्या, जशा दोन बायका नळावर बघतात. मग धान कापलेल्या बांधीत दोघींना मोकळं सोडलं. पाटलिणीने मान खाली घातली, सगुणेने कान मागे टाकले, आणि मी काठी घेऊन धावलो. इवाईंनी मला दंडाला धरून थांबवलं. पाटलीण दोन पावलं पुढे आली, सगुणा दोन पावलं बाजूला झाली, आणि दोघी चरायला लागल्या.

“झालं,” इवाई म्हणाले. “मोठी कोन, थे ठरलं. आता भांडन नाही. घरातबी हे लवकर ठरलं तं बरं राह्यते.” हे म्हणताना त्यांनी माझ्या बायकोकडे का पाहिलं, मला कळलं नाही. तिला कळलं असावं. ती हसत होती.

चाऱ्याच्या बाबतीत तर त्यांचं नाक म्हणजे पोलिसाचं कुत्रं. धानाच्या तणसाच्या गंजीतली पेंढी उपसून नाकाशी धरायचे आणि बुरशीचा वास आला की ती माझ्या अंगावर टाकायचे. मी म्हणायचो, म्हशी हेच खातात आणि दूध देतात. त्यावर ते म्हणायचे, “म्हसीचे पोटाचे चार खन आयेत. एकात नाही जमलं तं दुसऱ्यात, अना वापस तोंडात आनून चावते. हिचं पोट एकच, अना रस्ताबी एकतर्फा. आत गेलं का वापस नाही येत.”

“माहंबी पोट एकच आये इवाईजी,” मी चिडून म्हणालो.

“म्हनून तं तुमी सारखे चिडता. अन्न पाहून खात जा.”

कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं त्यांनी गोठ्यातून हलवायला लावलं. विकतच्या त्या खाद्यात कोंबड्यांसाठी औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याच्या काळजाला सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं तेव्हा मला अधिक राग आला. पोतं घराच्या आत, माझ्या खाटेखाली आलं. तेव्हापासून पहाटे कोंबड्या माझ्या उशाशी येऊन ओरडू लागल्या.

बकऱ्यांबद्दल मात्र त्यांचा अंदाज थोडा चुकला. म्हणजे नणंदा खट्याळ निघतील हे त्यांनी सांगितलं होतं, पण काय करतील हे सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बुची नावाची आखूड कानांची एक बकरी आहे. ती सगुणेच्या मागे उभी राहायची, आम्हाला वाटायचं सावलीला उभी आहे. गोंदियाच्या एका वरातीच्या सकाळी बघतो तर सगुणेची शेपटी निम्मी गायब, आणि बुचीच्या तोंडातून पांढरे केस लोंबताहेत.

वरात संध्याकाळची होती. बायकोने डोकं चालवलं आणि तिचं जुनं गंगावन शेपटीला बांधलं. पांढऱ्या शेपटीला खाली काळा झुपका. बँडवाल्याने बघितलं आणि म्हणाला, “सेठ, ये घोड़ी है कि चँवर?” मी त्याला म्हटलं, “तू अपना बाजा बजा.” चौकापर्यंत सगळं ठीक होतं. चौकात नवरदेवाच्या मित्रांनी नाचताना कोणाच्या तरी पायाखाली गंगावन आलं, सगुणा पुढे गेली आणि गंगावन मागे राहिलं. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या बाईला ते साप वाटलं. पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पॅसेंजरने इवाई हजर. त्यांना आमगावात बसून कसं कळायचं कोण जाणे. शेपटीकडे बघून त्यांनी कंगवा पिशवीत परत ठेवला.

“ननंदेनं येनी कापली,” ते म्हणाले.

“मी त्या बकरीले बजारात नेतो आजच.”

“नेऊ नका. शेपटीले कडूनिंबाचं तेल लावत जा, तोंड नाही लावनार. हे पाहा.” त्यांनी बुचीला हाकललं आणि ताटव्यापलीकडे नेलं. सगुणा लगेच मान वर करून हिणहिणायला लागली, खुरांनी माती उकरायला लागली. बुचीला परत आणलं तशी गप्प झाली. “घोडं एकटं राहू नाही शकत. तिले तिच्या जातीचं इथं कोनी नाही. तिनं हेच पकडली. आता काय करता? मैत्रीन वंगाळ भेटली, पन भेटली तं खरं.”

तेव्हापासून वरातीलाही बुची सोबत जायची. बँडच्या मागे घोडी, घोडीच्या मागे बकरी. लोकांना वाटायचं, आमचा काही नवस आहे.

दोन सराया बऱ्या गेल्या. सगुणा शांत घोडी. फटाक्यांना दचकत नव्हती, नवरदेव कितीही जाड असला तरी तक्रार करत नव्हती. मला वाटू लागलं होतं की हा सौदा आपण जिंकला. आणि मग तो वैशाखातला दिवस आला.

दिवेलागणीची वेळ, गोंदियाच्या रस्त्यावर वरात रंगात आलेली. मी लगाम धरून पुढे. एकाएकी मागून शिट्टीसारखा लांब आवाज येऊ लागला. बँडमास्तरला वाटलं, क्लॅरनेट बिघडलं. त्याने क्लॅरनेटवाल्या पोराला डोळे वटारून दाखवले. पोराने क्लॅरनेट तोंडातून काढून दाखवलं, तरी आवाज चालूच. तो सगुणेच्या घशातून येत होता. मी वळेपर्यंत तिचे मागचे पाय थरथरले, वाकले, आणि ती कुत्र्यासारखी मागच्या पायांवर बसली. नवरदेव घसरगुंडीवरून उतरावा तसा अलगद रस्त्यावर उतरला. तोंडावर मुंडावळ्या आणि सेहरा, त्याला काहीच दिसत नव्हतं. “पहुँच गये क्या?” त्याने विचारलं.

लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. सगुणा उठायची, परत बसायची, आणि घसा वाजत होता. बुची तिच्या तोंडाशी उभी राहून बें बें करत होती. टेम्पो आणला, दहा माणसांनी चढवली, घरी आणली.

डॉक्टरांनी तपासलं आणि काय काय खाते ते विचारलं. मी सगळं सांगितलं. तणस वास घेऊन, हरभरे भिजवून, हिरवं गवत धुऊन. इवाईंच्या एकाही अटीला मी धक्का लावला नव्हता. तेवढ्यात दारातून माझी बायको हळूच म्हणाली, “अना थोडीसी लाखोळी.”

लाखोळी म्हणजे आमच्याकडची डाळ. धान उभं असतानाच बांधीत तिचं बी फेकतात, आणि नांगरटीच्या दिवसांत बैलांना ती भिजवून देतात. बैल तगडे राहतात. सगुणा वराती करून वाळत चालली असं बायकोला वाटलं, म्हणून हिवाळ्यापासून रोज सकाळी पदराआड टोपली धरून ती तिला लाखोळी चारत होती. मला सांगितलं नाही, कारण मी हिशेब विचारला असता.

“बैल पचवतो,” डॉक्टर म्हणाले. “घोड्याच्या नसा जातात. आजपासून बंद करा. पाय कदाचित सुधारतील. घशाचं सांगता येत नाही.”

बायको गव्हाणीला धरून खाली बसली. आणि मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. आयुष्यात मी दलालांना फोनवर रडवलं आहे, पण इवाईंचा नंबर दाबायला माझं बोट उचलेना. शेवटी मालतीलाच केला. तिने ऐकलं आणि सासऱ्यांबद्दल एवढंच म्हणाली, “बाबा, बाबूजी येतील तवा तुमी काही बोलू नका. चिडू तं बिलकुल नका.” तिचा आवाज घाबरलेला आहे असं मला वाटलं.

इवाई आले. गुडघ्यांमुळे ऑटोतून उतरायलाच त्यांना वेळ लागला. निम्मा गाव कुंपणाशी उभा. त्या दिवशी त्यांनी “काय माय” म्हटलं नाही. मागच्या पायांवरून हात फिरवला, गळ्याला कान लावला, आणि विचारलं, “काय चारलं?”

“लाखोळी,” माझी बायको म्हणाली. “मी चारली. दुबळी दिसून राहिली होती. मले माहीत नव्हतं जी.”

मी मुठी आवळल्या. आता हा माणूस माझ्या बायकोला एक शब्द जरी बोलला असता, तर मी नातं, रीत, काही बघितलं नसतं. इवाईंनी सगुणेची मान थोपटली. मग म्हणाले, “बाई, रडू नका. सासूनं उपाशी ठेवलं तं बाप भांडंल. सासूनं लाडानं चारलं तं कोनासंगं भांडू? चूक माही आये. सगळं सांगतलं, लाखोळीचं सांगाचं राहिलं. आमच्या घरी सगळ्याइले माहीत होतं, मले वाटलं दुनियेले माहीत आये.” आणि समोर ठेवलेला गडवा उचलून ते गटगटा पाणी प्याले.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की माझे उघडलेले ओठ मिटले.

सगुणेला उठताना पोटाखालून आधार लागायचा. इवाई तिच्याजवळ राहिले, आणि त्या दिवसांत ते आमच्या घरचं जेवले, आमचा चहा प्याले, माझ्या खाटेवर झोपले. सगुणा हळूहळू पाय टाकू लागली. घशातली शिट्टी मात्र राहिली ती राहिलीच. पळाली की वाजते. वरात संपली.

ते परत निघाले तेव्हा मीच म्हणालो, “इवाईजी, अट होती. लेकीचं बिनसलं. घेऊन जा.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तुमीच म्हनले होते.”

“अट माही. लावाची का सोडाची, थे मी पाहीन. अना नेऊ कसी? तिले नेलं तं बकरी न्या लागते. बकरी नेली तं तिचे पिल्लं न्या लागते. पाटलीणबी मागं मागं येईल. तुमचा अख्खा कोठा मी कायले नेऊ?”

म्हणजे न कमावणारी घोडी माझ्या दाराशी, आणि तिचा मालक मीही नाही आणि तेही नाहीत. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, “अना पानी प्यालात तुमी आमच्या घरचं! जेवले बी! आता सांगा, कुठं गेली तुमची रीत?”

इवाई फाटकात थांबले. “थे घर नव्हतं जी. त्या दिवसात थे दवाखाना होता. दवाखान्यात पानी चालते.” आणि पुढच्या खेपेला पुन्हा पिशवीत बाटली.

त्यानंतरही ते येत राहिले. घोडीला काम नव्हतं, तिचं काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं, तरी पॅसेंजर धरून यायचे. तिच्याशी बोलायचे, माझ्याशी भांडायचे, निघून जायचे. मग येणं विरळ झालं आणि पावसाळ्याच्या अखेरीस थांबलं. मालतीचा फोन आला, “बाबा, बाबूजी खाटेवर आयेत. सगुणेचं नाव घेऊन राहिले.”

मी टेम्पो केला. सगुणा चढली, पण बुची खाली राहिलेली बघून तिने टेम्पोला लाथ मारली. बुचीला चढवलं. वाटेत रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबली तेव्हा एका माणसाने विचारलं, “कुठं नेऊन राहिले जी, हे जोडी?” मी म्हणालो, “माहेरी.” रागात म्हणालो होतो, पण खरंच होतं.

त्यांच्या अंगणात खाट टाकली होती. माणूस अर्धा झाला होता. सगुणेला जवळ नेलं. त्यांनी पडल्या पडल्या तिच्या तोंडाचा वास घेतला, जबड्यावर हात ठेवला, शेपटी माझ्याकडून उचलून घेऊन पाहिली. “कडूनिंब लावता वाट्टे,” ते म्हणाले. “बरी ठेवली.” त्यांच्या तोंडून हे शब्द काढायला मला एवढी वर्षं लागली होती, आणि आता ऐकून काही आनंद झाला नाही.

मग म्हणाले, “इवाईजी, मी तुमच्या घरी किती खेपा आलो?”

“मोजनं सोडलं मी.”

“अना तुमी माह्या घरी?”

“काम नसताना कायले येऊ? पोरीच्या सासरी बापानं सारखं जाऊ नये.”

“मंग मी कायले येत होतो?”

“घोडीसाठी.”

“घोडीले तं डाक्टर पाहे.” त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, “मी म्हटलं, हा मानूस तापट. मी दर खेपेले जाऊन याच्या घरात नाक खुपसीन, तं हा एक दिवस चिडंल. म्हनंल, हा माह्या घरी पाहाले येते, मीबी जातो, माही पोरगी कसी ठेवली थे पाहतो. बजाराच्या दिवसी सून रस्त्याकडं पाहत बसते जी. सगळ्याइचे बाप बजाराले येतेत, पोरीच्या घरी टेकतेत. तुमी आलेच नाही. एवढे तापट, अना ऐन टायमाले थंडे.”

मी म्हणालो, “मंग पयले बोलाचं होतं. अट घालाची होती.”

“बापाले लेकीले भेटाची अट घाला लागते का?”

मी सगुणेचा दोर उगाच सोडून परत बांधला. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, “सूनबाई, तुह्या बापाले तुले काही इचाराचं आये.” आणि तोंड सगुणेकडे फिरवून पडले.

मालती पदराला हात पुसत बाहेर आली. मी उभा. दुधाची फॅट, म्हशीचं वय, ढेपेचा वास, हे सगळं विचारायला माझी जीभ कधी अडखळली नाही. “बरी आयेस ना?” मी विचारलं.

“हे इचाराले घोडी आना लागली का, बाबा?” ती म्हणाली आणि हसू लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, “बरीच आहो. पन सांगाले कोनी नव्हतं.”

धान कापणीला येण्याआधी इवाई गेले. सगुणा आमच्याकडेच आहे. काही कमवत नाही. गावात अजून तिला इवायाची घोडी म्हणतात, चारा माझा खाते तरी.

मी आता आमगावच्या बाजाराच्या दिवशी पॅसेंजर धरतो. मालतीच्या घरी जातो. चुलीवरच्या छपराचं कवेलू गळत होतं, ते जावयाकडून बदलून घेतलं. कोंबड्यांचं पोतं गाईच्या गव्हाणीशेजारी ठेवलं होतं, ते हलवायला लावलं. तणसाची पेंढी उपसून नाकाशी धरली, बुरशी होती, तेव्हा त्याला चार शब्द सुनावले. परवा मी घरामागे फिरत होतो आणि जावई आत मालतीला सांगत होता, ते कानावर आलं. “बाबूजी गेले, असं वाटूनच नाही राहिलं.”

तो टोमणा होता की काय, ते मी विचारलं नाही. न्हाणीचं पाणी अंगणात साचत होतं. त्याला फावडं घेऊन बाहेर यायला सांगितलं.